तीन बिऱ्हाडं, चार मीटर

आमचं घर बेळगावच्या वडगावात, आणि परसात पूर्वी मागाची शेड होती. वडगाव, खासबाग, शहापूर या बाजूच्या लोकांना पुढची गोष्ट सांगायला नको, घरटी तीच आहे. साड्यांचं काम कमी होत गेलं, पोरं उद्यमबागेत नाहीतर मच्छेच्या कारखान्यांत लागली आणि मागांचा खडखडाट थांबला. आमच्या मामंजींनी माग विकले, जमिनीतले बोल्ट कापून वर फरशी घातली, मध्ये भिंती उभ्या केल्या आणि शेडची तीन बिऱ्हाडं केली. प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास. एकात फाउंड्रीत काम करणारं खानापूरकडचं कुटुंब, एकात दवाखान्यात नर्स असलेली मुलगी आणि तिची आई, एकात इंजिनिअरिंगची दोन पोरं. भाडी साडेसहा, साडेपाच आणि साडेपाच हजार.

मामंजींचा व्यवहार तोंडी आणि एकठोक होता: लाइट-पाण्यासकट अमुक इतकं. आमच्या गल्लीत अजूनही बरेच जण असंच ठरवतात आणि त्यात त्यांना माणुसकी वाटते. त्यांची नजर अधू झाली तेव्हा वही माझ्याकडे आली. तेव्हापासून एकच प्रश्न धरून मी सगळं लावत गेले: हा खर्च घराचा आहे की वापराचा? घराला चिकटून राहतो तो मालकाचा, माणसाबरोबर येतो आणि जातो तो भाडेकरूचा. वाचायला सोपं वाटतं. बिल हातात आलं की मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

सुरुवात विजेपासूनच करावी लागली. तिन्ही बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर होतं आणि आत मामंजींनी बाजारातून आणलेले सब-मीटर बसवलेले होते. कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची गृहज्योती योजना आली आणि २०२३ च्या ऑगस्टपासून गल्लीत शून्य रकमेची बिलं दिसू लागली. आमच्या भाडेकरूंचं बिल मात्र पूर्वीसारखंच येत राहिलं. याचं कारण योजनेच्या हिशेबातच आहे. २०२२-२३ च्या वापराची महिन्याची सरासरी आणि वर १० टक्के (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर २०२४ पासून १० युनिट), एवढे युनिट फुकट. त्याहून जास्त जाळले पण २०० च्या आत राहिले, तर वरच्या युनिटांपुरते पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं. एका बिऱ्हाडाला ऐंशी युनिट धरले तरी तिघांचे दोनशे चाळीस होतात. म्हणजे तिन्ही घरं गरिबीने वीज वापरत होती आणि मीटर एक असल्यामुळे तिघांचीही सवलत जात होती.

योजनेत एका आधारला एकच मीटर जोडता येतं. मालकाच्या नावाने चार मीटर असली तरी त्याला एकाचाच फायदा. बाकीच्या मीटरना भाडेकरूने स्वतःचं आधार आणि भाडेकरार दाखवून अर्ज करायचा. भाडेकरूला हा हक्क आहे, पण त्याच्या बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून मीटर वेगळी करायची हे मी ठरवलं. घरात विरोध झाला. "फायदा त्यांचा आणि खर्च आपण का करायचा?" असं आमचे हे म्हणाले. माझं म्हणणं असं होतं की मीटर भिंतीला बसतं. उद्या ही माणसं गेली तरी मीटर आपल्याच भिंतीवर राहणार. मग तो खर्च घराचाच.

लायसन असलेला वायरिंगवाला गाठला. आधी मागाचं जुनं पॉवरचं कनेक्शन कायमचं बंद करायला अर्ज दिला, कारण न वापरता त्याचा ठरलेला आकार चालूच होता. मग तिन्ही बिऱ्हाडांची वायरिंग मुळापासून वेगळी केली. हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. शेडला जुन्या वायरी कशाही फिरवलेल्या होत्या. पोरांच्या खोलीतला पंखा नर्सबाईंच्या लाइनवर निघाला आणि संडासाचे तिन्ही दिवे भलत्याच फ्यूजवर. वायरिंगवाल्याने एकेक स्विच बंद करून कुठला दिवा जातो ते पाहिलं आणि भिंतीवर खडूने १, २, ३ असे आकडे टाकत गेला. बोळात एक लाकडी फळी ठोकली, तिच्यावर ओळीने तीन मीटर आणि खाली प्रत्येकाचा वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. चौथं मीटर आमच्या घराचं, त्याच्यावर विहिरीची मोटर आणि बोळातला दिवा. घराचा उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, मामंजींचं आधार आणि कामाचा दाखला हेस्कॉममध्ये, म्हणजे वीज कंपनीत, दिला. माणूस येऊन जागा पाहून गेला, प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं दार आणि वेगळं स्वयंपाकघर आहे याची खात्री करून गेला. वायरिंग, फळी, अनामत सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले.

नव्या मीटरला २०२२-२३ चा वापर नसतो, त्यामुळे तिथे राज्याची सरासरी धरतात: ५३ युनिट आणि वर १० टक्के, म्हणजे ५८. नर्सबाई आणि तिची आई चाळीस-पंचेचाळीसच्या वर जात नाहीत, त्यांना शून्य बिल येतं. खानापूरच्या कुटुंबाला वरच्या वीस-पंचवीस युनिटांचे पैसे पडतात. दोघांनाही जे वाचतं ते भाड्याच्या मानाने थोडंथोडकं नाही. कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. अर्ज कन्नडमधला, आणि नर्सबाई बेळगावातच वाढलेली असल्यामुळे तिला तो वाचता येत होता, तिनेच दुसऱ्यांचाही भरून दिला. आर.आर. नंबर, म्हणजे मीटरचा ग्राहक क्रमांक, मात्र बिलावरून मी स्वतः तपासून सांगितला, कारण तीन मीटरचे नंबर एका आकड्याने वेगळे होते आणि एकाचं आधार दुसऱ्याच्या मीटरला लागलं असतं तर निस्तरायला त्रास.

आधार एकदा जोडलं की भाडेकरू सोडून जाताना ते काढावं लागतं, नाहीतर नव्याला अर्ज करता येत नाही आणि गेलेल्यालाही नव्या घरात सवलत मिळत नाही. काढण्याची सोय सुरुवातीला नव्हती, २०२४ मध्ये आली. आता माझ्या वहीत घर सोडण्याच्या पानावर पहिली ओळ तीच आहे: आधार काढल्याचा मेसेज दाखवला का? तो पाहिला की मग अनामतीचा हिशेब.

विजेच्या बिलात आणखी एक रक्कम येते आणि तिच्यावरून वर्षातून एकदा हमखास वाद होतो. "काकू, ह्या महिन्यात सहाशे जास्त कसं आलंय? आम्ही तर गावाला होतो की ओ," असं खानापूरच्या वहिनी बिल घेऊन आल्या. ती वाढीव अनामत होती. मीटरवर साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव कंपनीकडे असावी लागते. वापर वाढला की वर्षाकाठी हिशेब करून कमी पडलेली ठेव बिलातून मागतात. त्या ठेवीवर व्याज मिळतं आणि तेही बिलातच जमा होतं. आता हा खर्च कोणाचा? वापर त्यांचा वाढला म्हणून मागितली हे खरं. पण ठेव मीटरच्या खात्यावर राहते आणि उद्या ते गेले तरी परत मिळणार ती मामंजींच्या नावाला. म्हणून ती मी भरते. वर्षाखेरचं व्याज त्यांच्या बिलातून वजा होतं, ते मी मागत नाही. गल्लीतल्या काही मालकांना हे पटत नाही. त्यांचे भाडेकरू तीन-चार वर्षांत गपचूप हजार-दीड हजार रुपये मालकाच्या नावावर ठेवून जातात आणि त्यांना ते कळतही नाही. मला हे सरळ चूक वाटतं.

पाण्याचं गणित वेगळं आहे. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. काही भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल सुरू झालं, बाकीच्यांनी नळाच्या वेळा सांभाळत दिवस काढले. आमच्याकडे नळ एकच आणि शिवाय विहीर. पाण्याचं बिल घराच्या नावावर येतं, आणि थकलं तर थकबाकी घरालाच चिकटते. भाडेकरू निघून गेला तरी ती आपल्या मागे उभी. त्यामुळे बिल मीच भरते, वेळच्या वेळी, आणि मग वाटणी करते. वाटणी घरटी न करता माणशी. दोन माणसांच्या बिऱ्हाडाने पाच माणसांच्या बिऱ्हाडाएवढं पाणी भरावं हे न्यायाचं नाही. पाहुणा पंधरा दिवसांहून जास्त राहिला तर त्या महिन्याला एक डोकं वाढतं, आणि हेही करारात लिहिलेलं आहे. विहिरीची मोटर आमच्या मीटरवर चालते, तिचे घरटी शंभर रुपये ठरलेले. मोटर जळाली तर दुरुस्ती माझी. मोटर घराची आहे.

घरपट्टी हा सर्वांत स्वच्छ घराचा खर्च, तरी तिच्यावरूनही गोंधळ घालतात. आपल्याकडे महापालिकेची आकारणी मालकानेच स्वतः भरून द्यायची असते आणि कर बांधला जातो तो मुद्रांक खात्याच्या मार्गदर्शक दरावर, बांधकामाचं वय धरून. त्याचा मिळणाऱ्या भाड्याशी संबंध नाही. मूळ करावर आरोग्याचा १५ टक्के, ग्रंथालयाचा ६ टक्के आणि भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचा ३ टक्के असे सेस चढतात, कचऱ्याचा आकार आणखी वेगळा. वर्षाचा कर एप्रिलमध्ये एकदम भरला की ५ टक्के सूट. त्यानंतर थोडे दिवस सूटही नाही आणि दंडही नाही, पुढे महिन्याला २ टक्के दंड चढायला लागतो. मी एप्रिलचं भाडं आलं की त्यातूनच भरते. त्या पैशाला दुसरा पाय फुटू देत नाही.

गल्लीत एकांनी घरपट्टी भाडेकरूवर टाकली आहे, "भाडं कमी घेतो, कर तू भर" म्हणून. वरवर बरोबरीचं वाटतं, पण आयकराच्या हिशेबात मालकाचंच नुकसान होतं. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा मिळते ती मालकाने स्वतः, त्याच वर्षात भरलेली असेल तरच. भाडेकरूने भरली तर वजावट नाही. घरपट्टी वजा जाता जे राहतं त्याच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीला एक रुपया खर्च केला असो वा लाख. रंगाच्या आणि पत्र्याच्या पावत्या दाखवून त्याहून जास्त सूट मिळत नाही. हे मला आमच्या कर सल्लागारांनी समजावून सांगितलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. उतारा मामंजींच्या नावावर, म्हणून उत्पन्नही त्यांचं. भाडं आता तिघेही थेट त्यांच्या बँक खात्यात पाठवतात. पूर्वी कोणी रोख देई, कोणी माझ्या फोनवर पाठवी, कोणी आमच्या ह्यांच्या हातात ठेवी.

दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मालकाचं खरं कंबरडं तिथेच मोडतं. बेळगावचा पाऊस ज्याने चार महिने काढला आहे त्याला कळेल. शेडला पत्रा आहे. पत्र्याच्या खिळ्यांखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला नेमकं तिथूनच गळतं. म्हणून मे महिन्यात माणूस वर चढवायचा, प्रत्येक खिळा तपासायचा, वायसर बदलायचे, पन्हाळीतला पाला काढायचा. दोन वर्षांआड उत्तरेच्या भिंतीला वॉटरप्रूफचा हात. आषाढात त्या भिंतीला ओल धरली की नर्सबाईंच्या कपाटातले कपडे वासाने जातात. ती ओल वापराने आलेली नाही, घराची आहे. तिचा खर्च माझा, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागे फळी लावून दिली तीही माझ्या खर्चाने.

नळाची चकती, बल्ब, तुंबलेला सिंकचा पाइप हे भाडेकरूचं. बाहेरचा चेंबर तुंबला तर घराचं. पण चेंबर उघडला आणि आत कापडाचा बोळा निघाला तर? असं झालंय. तेव्हा तिन्ही बिऱ्हाडांना बोलावून चेंबरपाशी उभं केलं, बोळा दाखवला आणि खर्चाचे चार भाग केले, चौथा आमचा. कोणाचं नाव घेतलं नाही. नंतर तसं पुन्हा झालेलं नाही.

आता अनामत. आमच्याकडे तीन महिन्यांचं भाडं घेतो. सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायची रीत शहरात पडली आहे. ती मी बंद केली. तीन वर्षं माणूस राहिल्यावर भिंत मळणारच. दिवसांनी जो रंग उतरतो तो घराचा खर्च आणि भाड्यातूनच निघायला हवा. भिंतीला भोकं पाडली, फरशी फोडली, दार मोडलं तर त्याचे पैसे जरूर घ्यावेत, पण माणसासमोर, हिशेब लिहून. त्यासाठी राहायला येण्याच्या दिवशी सामान आत जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर खोलीभर फिरते. नळ, खिडक्यांच्या काचा, कड्या, फरशीचा तडा, सगळ्याचे फोटो त्यांच्याच फोनवर काढायला लावते आणि ते मला पाठवायला सांगते. मीटरचा आकडा वहीत, खाली दोघांच्या सह्या. सोडताना तेच फोटो उघडायचे. इंजिनिअरिंगच्या मागच्या पोरांनी खिडकीची काच फोडली होती, त्यांनीच फोटो दाखवून "काकू, ही आमच्याकडनं फुटली, ती नाही" असा हिशेब लावला आणि एकीचेच पैसे दिले. बरोबर होतं त्यांचं.

करार अकरा महिन्यांचा, ई-स्टॅम्पवर, नोटरीसमोर. वर्षाहून जास्त मुदतीचा केला तर नोंदणी करावी लागते, म्हणून सगळीकडे अकरा. कराराच्या खर्चात निम्मे-निम्मे. करारात मी खर्चाची यादीच घालते: वीज त्यांच्या मीटरप्रमाणे, वाढीव अनामत माझी, पाणी माणशी, मोटर शंभर, घरपट्टी माझी, छप्पर-भिंत-चेंबर माझं, आतली किरकोळ त्यांची. दोन पानं जास्त होतात, होऊ देत.

आमच्या शेजारी खोल्या लीजवर दिल्या आहेत. तीन लाख एकदम घ्यायचे, भाडं नाही, मुदतीनंतर रक्कम परत. पैसे एकरकमी हातात येतात म्हणून मोह होतो, आणि लग्नकार्य तोंडावर असलं की फार होतो. पण घरपट्टी, पत्रा, चेंबर हे खर्च लीजमध्येही दर वर्षी येतातच आणि ते भरायला महिन्याचं भाडं नसतं. मुदत संपते तेव्हा तीन लाख उभे करायला पुन्हा कोणाला तरी लीजवर घालावं लागतं. मामंजींना एकदा तशी मागणी आली होती, त्यांनी नको म्हटलं. ते बरोबर केलं.

मागच्या वर्षाचा आकडा सांगते, कारण भाड्याच्या खोल्या बांधायला निघालेले लोक मला नेहमी विचारतात. भरलेली धरली तर वर्षाला २,१०,००० रुपये. एक बिऱ्हाड एक महिना रिकामं राहिलं, ते ५,५०० गेले. घरपट्टीतला शेडचा वाटा ६,४००, पत्रा आणि भिंत ९,०००, रंग ७,०००, मोटर ३,०००, चेंबर २,५००. हातात राहिले १,७६,६००, आणि त्यात मीटरचे चाळीस हजार धरलेले नाहीत. आयकरासाठी मात्र मिळालेलं भाडं २,०४,५००, त्यातून घरपट्टी, मग उरलेल्याच्या ३० टक्के, करपात्र १,३८,६७०. हे दोन आकडे वेगळे असतात आणि वेगळेच ठेवायचे. पहिल्यावर घर चालतं, दुसरा विवरणपत्रात जातो.

दर महिन्याला एका बिऱ्हाडाच्या भाड्यातले हजार रुपये मी पोस्टाच्या आरडीत टाकते, नुसत्या पत्र्यासाठी. शेडचा पत्रा जुना झालाय, येत्या काही वर्षांत सगळा बदलावा लागणार हे दिसतंय, आणि तो खर्च आला म्हणून एकदम भाडं वाढवणं मला जमणार नाही.

खानापूरच्या कुटुंबाचा करार आता संपतोय. परवा दोघं येऊन बसले होते. वही त्यांच्यापुढे ठेवली, वर्षभराचं पाणी, मोटर, दुरुस्ती सगळं त्यांनी वाचलं. भाडं साडेसहाचं सहा हजार आठशे ठरलं. वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची जाळी मागितली. जाळी घराला राहणार, म्हणून ती मी बसवून देणार आहे. नोटरीकडे पुढच्या आठवड्यात जायचंय.